पीएचवरून कॉस्टिक सोड्याची संहती कशी काढतात? आणि खान्देशच्या उन्हाळ्यात '१४' हा आकडा का चुकतो?

समजा, दोंडाईच्यात मे महिन्यात भल्या पहाटे, गार पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळवून एक पिंपभर द्रावण तयार केलं. द्रावणाचं तापमान २५ अंश सेल्सिअस आहे आणि पीएच मीटर १२.५ दाखवतोय. पिंपाला घट्ट झाकण लावलं. दुपारी उन्हाने तेच द्रावण ४० अंशांपर्यंत तापलं. पुन्हा मीटर बुडवला, तर आकडा १२.० च्या आसपास.

पिंपातून काहीच बाहेर गेलेलं नाही. मग पीएच अर्ध्याने का उतरला? द्रावण 'फिकं' पडलं असं समजून कुणी पीएच पुन्हा १२.५ करायला आणखी सोडा टाकला, तर दर १,००० लिटरमागे जवळजवळ अडीच किलो सोडा जास्तीचा पडेल. द्रावण आधीपेक्षा तिप्पट तीव्र होईल आणि मीटरवर मात्र सकाळचाच आकडा दिसेल.

पीएचवरून तीव्र आम्लारीची संहती काढायचं गणित दहावी-बारावीच्या वयात शिकवलं जातं, सीईटी-नीटच्या पेपरमध्येही येतं. गणित तीन ओळींचं आहे. पण त्यातल्या '१४' या आकड्याला एक अट आहे आणि ती अट खान्देशच्या उन्हाळ्यात पाळली जात नाही. हे गणित काय आहे, कसं करायचं आणि कुठे फसतं, ते पाहू.

थोडक्यात उत्तर

२५ अंश सेल्सिअसला आणि द्रावण फार दाट नसताना:

१. १४ मधून पीएच वजा करा. येणारा आकडा म्हणजे पीओएच.
२. १० चा उणे पीओएच एवढा घात काढा. ही हायड्रॉक्साइड आयनांची संहती, मोल प्रति लिटरमध्ये.
३. आम्लारीच्या एका रेणूतून जितके हायड्रॉक्साइड आयन सुटतात, त्या संख्येने भागा. कॉस्टिक सोड्यासाठी १ ने, चुन्यासाठी २ ने.

ग्रॅम हवे असतील तर येणाऱ्या उत्तराला त्या पदार्थाच्या रेणुभाराने गुणायचं.

पीएच म्हणजे नेमकं काय मोजतात?

पीएचला मराठीत 'सामू' म्हणतात. माती परीक्षणाच्या अहवालात हा शब्द शेतकऱ्यांनी हमखास पाहिलेला असतो. ही मोजपट्टी डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होते. द्रावणातल्या हायड्रोजन आयनांची संख्या इतक्या मोठ्या पल्ल्यात बदलते, की ती दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लावून लिहावी लागते. सोरेनसेन यांनी त्याऐवजी फक्त दहाचा घात लिहायचा आणि त्यातलं उणे चिन्ह काढून टाकायचं, अशी सोय केली.

म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती ०.००१ मोल प्रति लिटर असेल, तर ती १०^(−३) झाली आणि पीएच ३. संहती ०.०००००००१ असेल, तर पीएच ८.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पीएच जितका जास्त, तितके हायड्रोजन आयन कमी. दुसरी, पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे संहतीत दहापट फरक. १२ आणि १३ हे आकडे शेजारी-शेजारी दिसतात, पण १३ पीएचच्या द्रावणात १२ च्या द्रावणापेक्षा दहापट आम्लारी असतो. १४ च्या द्रावणात शंभरपट.

'तीव्र आम्लारी' कशाला म्हणायचं?

पाण्यात टाकल्यावर जो आम्लारी जवळजवळ पूर्णपणे आयनांमध्ये फुटतो, तो तीव्र. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पाण्यात त्याचा प्रत्येक रेणू एक सोडियम आयन आणि एक हायड्रॉक्साइड आयन देतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक पोटॅश, हाही तसाच. कळीचा चुना पाण्यात विझवल्यावर मिळणारा कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात थोडाच विरघळतो, पण जेवढा विरघळतो तेवढा जवळजवळ सगळा फुटतो. त्यामुळे त्याचीही गणना तीव्र आम्लारींत होते.

इथे एक गल्लत नेहमी होते. 'तीव्र' आणि 'संहत' हे दोन वेगळे शब्द आहेत. तीव्र म्हणजे पूर्ण फुटणारा, संहत म्हणजे थोड्या पाण्यात भरपूर पदार्थ असलेला. बादलीभर पाण्यात चिमूटभर कॉस्टिक सोडा टाकला तर द्रावण विरल होतं, पण आम्लारी तीव्रच राहतो.

पीएचवरून संहती काढता येते ती याच पूर्ण फुटण्यामुळे. हायड्रॉक्साइड आयन मोजले की मूळचे रेणू किती होते ते थेट कळतं. अर्धवट फुटणाऱ्या पदार्थात ही सोय नसते.

सोपं उदाहरण: पीएच १३

२५ अंशाला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा पीएच १३ आहे. एका लिटरमध्ये किती सोडा असेल?

पीओएच = १४ − १३ = १
हायड्रॉक्साइड = १०^(−१) = ०.१ मोल प्रति लिटर
एका रेणूमागे एक हायड्रॉक्साइड, म्हणून सोडाही ०.१ मोल प्रति लिटर.

सोडियमचा २३, ऑक्सिजनचा १६ आणि हायड्रोजनचा १, असा कॉस्टिक सोड्याचा रेणुभार ४०. म्हणून ०.१ × ४० = ४ ग्रॅम प्रति लिटर.

विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक पहिल्याच पायरीवर असते. पीएच १३ आहे म्हणून संहती १०^(−१३), असं लिहून मोकळं होतात. तो आकडा हायड्रोजन आयनांचा आहे, आम्लारीचा नाही. तसं धरलं तर एका लिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी सोडा आहे असं उत्तर येतं, आणि इतक्या कमी सोड्याने शुद्ध पाण्याचा पीएच ७ वरून हलणारही नाही. उत्तर तपासायची एक सोपी युक्ती आहे: आम्लारीचा पीएच वाढला की काढलेली संहतीही वाढली पाहिजे. ती घटत असेल तर १४ मधून वजा करायचं राहिलं आहे.

दशांशातला पीएच: १२.४

मीटरवर पूर्णांक क्वचितच येतो. समजा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा पीएच १२.४ आहे.

पीओएच = १४ − १२.४ = १.६
हायड्रॉक्साइड = १०^(−१.६)

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की दहाचा घात काढायची कळ दिसते. तिथे उणे १.६ टाकलं की ०.०२५१ येतं. कळ नसेल तर एक गोष्ट पाठ ठेवली तरी पुरते: १० चा ०.३ घात जवळजवळ २ असतो. उणे १.६ म्हणजे उणे २ अधिक ०.४. १० चा ०.४ घात सुमारे २.५. म्हणून ०.०१ × २.५ = ०.०२५.

ग्रॅममध्ये: ०.०२५१ × ४० = सुमारे १ ग्रॅम प्रति लिटर.

२५ अंशाला कॉस्टिक सोड्याचा हिशेब असा बसतो:

पीएच १०: ०.०००१ मोल, म्हणजे ०.००४ ग्रॅम प्रति लिटर
पीएच ११: ०.००१ मोल, म्हणजे ०.०४ ग्रॅम प्रति लिटर
पीएच १२: ०.०१ मोल, म्हणजे ०.४ ग्रॅम प्रति लिटर
पीएच १२.५: ०.०३१६ मोल, म्हणजे १.२६ ग्रॅम प्रति लिटर
पीएच १३: ०.१ मोल, म्हणजे ४ ग्रॅम प्रति लिटर

मीटर थोडा चुकला तर काय होतं, हेही यातून दिसतं. पीएचमध्ये ०.१ ची चूक झाली तर संहतीत सुमारे २६ टक्क्यांची चूक होते. रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर अर्ध्या अंकाचा फरक डोळ्याला नीट कळत नाही, आणि अर्धा अंक म्हणजे संहतीत तिपटीहून जास्त फरक. म्हणून पट्टीवरून द्रावण आम्लधर्मी की आम्लारीधर्मी ते सांगता येतं, सोडा किती आहे ते नाही.

चुन्याच्या निवळीला दोनाने का भागायचं?

विझवलेला चुना पाण्यात ढवळून ठेवला की वर स्वच्छ पाणी राहतं. तीच चुन्याची निवळी. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा एक रेणू फुटला की एक कॅल्शियम आयन आणि दोन हायड्रॉक्साइड आयन मिळतात. म्हणजे हायड्रॉक्साइड आयनांची संख्या रेणूंच्या दुप्पट. रेणू मोजायचे तर दोनाने भागावं लागतं.

२५ अंशाला चुन्याच्या संपृक्त निवळीचा, म्हणजे आणखी चुना विरघळणार नाही अशा निवळीचा, पीएच सुमारे १२.४५ असतो.

पीओएच = १४ − १२.४५ = १.५५
हायड्रॉक्साइड = १०^(−१.५५) = ०.०२८२ मोल प्रति लिटर
कॅल्शियम हायड्रॉक्साइड = ०.०२८२ ÷ २ = ०.०१४१ मोल प्रति लिटर
रेणुभार ७४ धरून: सुमारे १.०४ ग्रॅम प्रति लिटर

आता प्रत्यक्षात पाहिलं तर याच तापमानाला एका लिटर पाण्यात दीड ग्रॅमहून थोडा जास्त चुना विरघळतो. गणितातून एकच ग्रॅम निघाला. गणित चुकलेलं नाही, मग उरलेला चुना गेला कुठे?

द्रावणात आयनांची गर्दी वाढली की विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना ओढून धरतात. दोन धन प्रभार असलेला कॅल्शियम आयन तर काही हायड्रॉक्साइड आयनांशी जोडीच बांधतो. हे आयन द्रावणात असतात, पण मीटरच्या दृष्टीने पूर्ण मोकळे नसतात. मीटर मोकळेपणाने वागणाऱ्या आयनांचा हिशेब दाखवतो. त्यामुळे दाट द्रावणात पीएचवरून काढलेली संहती खऱ्यापेक्षा कमी येते. कॉस्टिक सोड्यातही हे होतं, पण तिथे फरक लहान असतो: पीएच १३ च्या आसपास ढोबळमानाने २० ते ३० टक्के.

'१४' कुठून आला?

शुद्ध पाण्याचेही अगदी थोडे रेणू स्वतःहून फुटत असतात. त्यातून हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन समसमान मिळतात. या दोन संहतींचा गुणाकार ठरलेल्या तापमानाला कायम राहतो. २५ अंशाला तो १०^(−१४) असतो. गुणाकारातला हा १४ म्हणजेच पीएच आणि पीओएच यांची बेरीज.

पाणी तापलं की जास्त रेणू फुटतात आणि हा गुणाकार वाढतो. त्यामुळे १४ ची जागा लहान आकडा घेतो. वेगवेगळ्या तापमानांना पीएच आणि पीओएच यांची बेरीज अशी असते:

१५ अंश: १४.३५
२० अंश: १४.१७
२५ अंश: १४.००
३० अंश: १३.८३
३५ अंश: १३.६८
४० अंश: १३.५३
५० अंश: १३.२६

पाठ्यपुस्तकात २५ अंश धरलेले असतात, कारण प्रयोगशाळेतले आकडे त्या तापमानाला नोंदवायची पद्धत आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे एप्रिल-मेमध्ये हवाच ४० अंशांच्या वर जाते. उन्हातल्या पिंपातलं द्रावण तर त्याहूनही तापतं.

एकच आकडा, तीन उत्तरं

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा पीएच १२.५ आला. द्रावणाचं तापमान किती होतं, त्यावर उत्तर असं बदलतं:

१५ अंश: पीओएच १.८५, सोडा ०.०१४ मोल, सुमारे ०.५७ ग्रॅम प्रति लिटर
२५ अंश: पीओएच १.५०, सोडा ०.०३२ मोल, सुमारे १.२६ ग्रॅम प्रति लिटर
४० अंश: पीओएच १.०३, सोडा ०.०९३ मोल, सुमारे ३.७ ग्रॅम प्रति लिटर

हिवाळ्यातल्या पहाटे आणि उन्हाळ्यातल्या दुपारी मीटर तोच आकडा दाखवेल, पण द्रावणात साडेसहा पट फरक असेल. उन्हाळ्यात १४ वापरला तर उत्तर खऱ्याच्या जवळजवळ एक तृतीयांश येतं. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, कारण द्रावण आहे त्यापेक्षा सौम्य वाटतं.

सुरुवातीच्या पिंपाचं कोडंही इथे सुटतं. पहाटे २५ अंशाला पीओएच १.५ होता. दुपारी सोडा तेवढाच, म्हणून पीओएचही १.५ च. पण बेरीज आता १३.५३. म्हणून पीएच १३.५३ − १.५ = १२.०३. सोडा कमी झाला नव्हता, मोजपट्टीच सरकली होती.

मीटरवर 'तापमान समायोजन' आहे, मग चिंता कशाला, असा प्रश्न इथे येतो. बहुतेक मीटरमधलं हे समायोजन फक्त इलेक्ट्रोडसाठी असतं. तापमान बदललं की इलेक्ट्रोडमधून मिळणारा विद्युतदाब बदलतो, तो फरक मीटर सुधारून घेतो. पाणी जास्त फुटू लागलं म्हणून द्रावणाचा जो खरा पीएच बदलतो, तो मीटर सुधारत नाही आणि सुधारूही नये, कारण तो खराच बदललेला असतो.

यावर सोपा उपाय आहे. द्रावणाचा नमुना झाकणाच्या बाटलीत घ्यायचा, गार पाण्यात ठेवून २५ अंशांवर आणायचा आणि मग पीएच मोजायचा. तेव्हा १४ वापरलेला चालतो. ते जमत नसेल तर तापमान मोजून वरच्या यादीतला आकडा १४ च्या जागी घ्यायचा.

दोंडाईच्यात हा हिशेब कुठे लागतो?

दोंडाईचा हे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. मिरचीच्या बाजाराइतकीच त्याची ओळख मक्याच्या स्टार्चमुळे आहे. युनिव्हर्सल स्टार्च केम अलाइड या कंपनीचा कारखाना इथे आहे.

स्टार्च उद्योगात पीएचला पावलोपावली महत्त्व असतं. मक्याचे दाणे आधी सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या, सुमारे ५० अंशांच्या पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. हे पाणी आम्लधर्मी असतं. दाणा मऊ झाला की त्यातून अंकुर, कोंडा, ग्लुटेन आणि स्टार्च वेगळे करतात. स्टार्चपासून लिक्विड ग्लुकोज करायचं तर विकरं, म्हणजे एन्झाइम, वापरतात. स्टार्च पातळ करणारं विकर पीएच ६ च्या आसपास नीट काम करतं, त्याची साखर करणारं विकर ४.५ च्या आसपास. म्हणजे एका टप्प्यावर आम्लारी घालून पीएच चढवायचा आणि पुढच्या टप्प्यावर आम्ल घालून उतरवायचा.

पुठ्ठ्याची खोकी बनवताना लागणाऱ्या स्टार्चच्या खळीतही कॉस्टिक सोडा घालतात. मक्याचा स्टार्च एरवी ६० अंशांच्या वर गेल्यावर फुगून चिकट होतो. सोड्यामुळे तो कमी तापमानालाच चिकट होतो. सोडा कमी पडला तर खळ धरत नाही, जास्त झाला तर स्टार्च भांड्यातच घट्ट होऊन बसतो.

टाक्या आणि नळ्या धुवायला उद्योगांमध्ये कॉस्टिक सोड्याचं गरम द्रावण वापरतात. ते साधारण १ ते २ टक्क्यांचं, म्हणजे लिटरला १० ते २० ग्रॅमचं असतं. इतक्या दाट आणि गरम द्रावणाचं प्रमाण पीएचवरून ठरवत नाहीत. ते अनुमापनाने किंवा विद्युतवाहकता मोजून ठरवतात.

पाणी ओतून पीएच उतरेल का?

समजा पीएच १३ चं १,००० लिटर धुणावळीचं पाणी उरलं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी देशाच्या सर्वसाधारण मानकांनुसार पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. नुसतं पाणी ओतून १३ चा ९ करायचा तर किती पाणी लागेल?

१३ पासून ९ पर्यंत चार अंक. प्रत्येक अंकाला दहापट, म्हणजे १०,००० पट. १,००० लिटरचे १ कोटी लिटर करावे लागतील. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर १,००० टँकर. हा हिशेब शुद्ध पाण्याचा आहे. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यातले क्षार थोडं आम्लारी स्वतःकडे घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी होईल. पण टंचाईच्या तालुक्यात हा मार्ग नाही, हे यावरून कळतं.

याउलट त्या पाण्यात सोडा आहे फक्त ४ किलो, म्हणजे १०० मोल. तो उदासीन करायला १०० मोल हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा ५० मोल सल्फ्युरिक आम्ल पुरतं. म्हणून उदासिनीकरण करतात, आणि त्यासाठी किती आम्ल लागेल हे आधी माहीत असावं लागतं. ४० अंशाला मोजलेल्या पीएचमधून १४ धरून काढलेला आकडा इथे वापरला, तर आम्ल एक तृतीयांशच पडेल आणि पाणी आम्लारीधर्मीच राहील.

हे गणित कुठे चालत नाही?

सौम्य आम्लारींना. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, लिटरला ०.१ मोल घेतला तर पीएच सुमारे ११.६ येतो. त्यावरून तीव्र आम्लारीसारखी संहती काढली तर ०.००४ मोल येते. खरी संहती त्याच्या पंचवीसपट आहे. अमोनियाचंही तसंच. पापडखार आणि केळीच्या खांबाची राख यांचा खारेपणाही मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटचा असतो, म्हणून त्यांनाही हे गणित लावता येत नाही.

मातीला. चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर गेलेला असतो. पण माती आम्ल-आम्लारी धरून ठेवते, त्यामुळे नुसत्या सामूवरून तिच्यात किती खार आहे ते निघत नाही. जिप्समची मात्रा ठरवायला वेगळी तपासणी करावी लागते.

पीएच ७ च्या अगदी जवळ. तिथे पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबात येतात. २५ अंशाला पीएच ७.५ असेल तर हायड्रॉक्साइडमधून हायड्रोजन आयन वजा करावे लागतात. पीएच ८ च्या वर हा फरक एका टक्क्याच्या आसपास येतो आणि सोडून देता येतो.

फार दाट द्रावणांना. पीएच १३ च्या पुढे आयनांची गर्दी वाढते. शिवाय सोडियम भरपूर असलेल्या द्रावणात काचेचा इलेक्ट्रोड काही सोडियम आयनांनाच हायड्रोजन समजतो आणि पीएच कमी दाखवतो. मीटर सहसा ४, ७ आणि ९.२ किंवा १० च्या बफरवर लावतात. १३ हा आकडा त्या पल्ल्याबाहेरचा असतो.

उघड्या राहिलेल्या द्रावणांना. कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा कार्बोनेट होतो. चुन्याची निवळी उघडी ठेवली की वर पांढरी साय धरते, ती याच कारणाने.

खात्री कशी करायची?

प्रयोगशाळेत यासाठी अनुमापन करतात. द्रावणाचे १० मिलिलिटर घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले की ते गुलाबी होतं. मग ब्युरेटमधून ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. रंग गेला की थांबायचं. ३.२ मिलिलिटर आम्ल लागलं असेल, तर ०.१ × ३.२ ÷ १० = ०.०३२ मोल प्रति लिटर. या पद्धतीत मोकळे आणि अडकलेले असे सगळे हायड्रॉक्साइड आयन मोजले जातात. तापमानाचाही फारसा फरक पडत नाही. म्हणून डोस ठरवायचा असेल तेव्हा पीएचवरून अंदाज आणि अनुमापनावरून निर्णय, असा क्रम ठेवतात.

हाताळताना

कॉस्टिक सोडा कातडीला लागला की आधी बुळबुळीत लागतो, कारण तो कातडीवरच्या स्निग्धाचा साबण करू लागलेला असतो. डोळ्यात गेला तर तो आत शिरत जातो आणि कायमची इजा होऊ शकते. पानाच्या चुन्याची पुडी दाबल्यावर चुना डोळ्यात उडून लहान मुलांना इजा झाल्याची नोंद भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी वारंवार केली आहे. अशा वेळी लिंबू किंवा व्हिनेगर लावायचं नाही. स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटं डोळा सतत धुवायचा आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं.

द्रावण करताना पाण्यात थोडा-थोडा सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. विरघळताना बरीच उष्णता सुटते आणि द्रावण उसळू शकतं. अॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही. सोडा ते खातो आणि ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

उत्तर लिहिण्याआधी तपासायच्या पाच गोष्टी

१. पदार्थ तीव्र आम्लारी आहे ना? कार्बोनेट किंवा अमोनिया असेल तर हे गणित नाही.
२. मोजताना द्रावणाचं तापमान किती होतं? २५ अंश नसेल तर १४ च्या जागी त्या तापमानाचा आकडा.
३. बेरजेच्या आकड्यातून पीएच वजा केला का?
४. एका रेणूमागे किती हायड्रॉक्साइड? चुना आणि बेरियम हायड्रॉक्साइडला २ ने भागायचं.
५. पीएच १३ च्या आसपास किंवा वर आहे का? असेल तर उत्तर अंदाज म्हणूनच घ्यायचं आणि अनुमापन करायचं.

परीक्षेच्या पेपरमध्ये तापमान दिलेलं नसेल तर २५ अंश धरून १४ वापरायचा, तिथे तेच बरोबर. पिंपासमोर उभं असताना मात्र पीएच मीटरबरोबर तापमापकही लागतो.